उषाबाईंचा अकराचा नंबर

सोमवार, ५ जानेवारी

थंडी कडक. शटर वर करताना बोटं वळेनात. सर दहाला आले, मफलर गुंडाळून.

अकराला इगतपुरीहून एक बाई, नंबर न लावता. उषाबाई, वय ४६, तोंडावर पदर. हातात सरकारी दवाखान्याची चिठ्ठी: एच.आय.व्ही., गोळ्या चालू, तोंडात बुरशी, दात तपासून उपचार व्हावेत. रजिस्टरात नाव घातलं, पुढे हिरवा ठिपका दिला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "आज फुल आहे हो, संध्याकाळी आठला या." आठचा म्हणजे शेवटचा. ठिपकेवाल्यांना तोच. त्यांच्यानंतर खुर्चीत कोणी बसायला नको, ही सरांची पद्धत, बावीस वर्षांची. ठिपका मात्र माझा शोध. कोणाच्या लक्षात येत नाही आणि पेशंटचा मानही राहतो, असं माझं म्हणणं.

"बसते मंग," म्हणाल्या आणि बसल्याच. मला वाटलं कंटाळून जातील. कुठलं काय. पिशवीतून लसूण काढला आणि सोलायला घेतला. किलोभर तरी असेल. दातांच्या दवाखान्यात लसणीचा घमघमाट, दोन पेशंटनी नाकं मुरडली. मी म्हटलं, "बाई, हे काय चालवलंय?" तर म्हणे, "हात रिकामे ऱ्हायले की डोकं चालतं, सिस्टर."

मी सिस्टर नाही, असिस्टंट आहे. पण इतक्या वर्षांत कोणाला दुरुस्त केलेलं नाही.

मंगळवार, ६ जाने.

काल रात्री पुढचं लिहिण्याइतकं त्राण नव्हतं. आठला सरांनी तपासलं. जिभेवर पांढरा थर, हिरड्या मशेरीने काळवंडलेल्या, वरचे पुढचे सहा दात हलतात. बुरशीचं औषध आधी, मग साफसफाई, मग सहा काढायचे, मग कवळी. दोन महिने.

बाई रनिंग रूमला स्वयंपाक करतात. रेल्वेचे ड्रायव्हर ड्युटी संपवून जिथे जेवतात-झोपतात, तिथे. ठेकेदाराच्या हाताखाली. तोंड सुकतं, मीठ कळत नाही. दोनदा आमटी खारट झाली, ड्रायव्हरांनी ताटं सरकवली. ठेकेदार म्हणाला, मार्चपर्यंत बघतो, नाहीतर दुसरी बाई आणतो.

"चव येईल ना, डॉक्टर?"

सर खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा गुण. "बुरशी गेली की बरीचशी येईल. सगळी येईलच असं नाही सांगत. कवळीने चावता मात्र येईल."

"मंग शेंगदाणे खाईन," म्हणाल्या. तीन वर्षांत खाल्ले नाहीत.

संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडेच असतो, हे निघताना सांगितलं. म्हणजे काल तो बुडाला. मी रजिस्टर बंद करत होते, मान वर केली नाही.

गुरुवार, १५ जाने.

संक्रांत काल झाली, आमचा सीझन आज सुरू. तीळवडीने दोन फिलिंगं, एक कॅप निघाली. हलवायांनी सरांना फराळाचा डबा पाठवायला हवा.

आठला उषाबाई. जिभेचा थर निम्मा गेलाय. सरांनी दात साफ केले. मशेरी सोडली म्हणतात, दहा दिवस झाले. खरंच सोडली असावी, कारण चिडचिड फार करत होत्या. मशेरीच्या डबीत आता लवंगा. मी इतक्या बायकांना मशेरी सोडा म्हणून सांगितलं असेल, एकीने ऐकलं नव्हतं. ही ऐकते, आणि वर मलाच सुनावते, "तुमाला काय जातंय सांगायला."

जाताना तिळगूळ दिला. घरचा, कागदात बांधून. मला एक, सरांना एक. आम्ही दोघांनी "गोड गोड बोला" म्हटलं. सरांनी खिशात टाकला. मी ड्रॉवरमध्ये. आणि मग मी हात धुतले. त्या दारात चप्पल घालत होत्या. पाहिलं असावं.

काय गरज होती हात धुण्याची. मला सगळं माहीत आहे. तिळगुळाने काही होत नाही, इथल्या पोस्टरवर लिहिलंय तसं, आणि ते पोस्टर मीच चिकटवलंय.

मंगळवार, २० जाने.

आज त्या सकाळी पावणेदहालाच दारात, सरांच्याही आधी. "सिस्टर, एक इचारू का?"

विचारा म्हटलं.

"मला आठचाच नंबर का वं? तुमचा तर सकाळी बाक मोकळा असतोय. मी तितं दिसभर बसले, मी मोजलं. अकरा ते एक तीनच मान्सं."

मी म्हटलं, तुमच्यानंतर सगळं नीट धुवायला, स्वच्छ करायला वेळ मिळतो म्हणून.

"म्हंजी बाकीच्यांच्या मागनं धुत नाय?"

"धुतो की. सगळ्यांचंच."

"मंग?" म्हणाल्या, "माझं तर तुमाला ठावं तरी हाय, चिठ्ठीच आणली म्या. ज्याला सोताचंच ठावं नाय, तो सकाळी धाला बसून जातोय की खुर्चीत."

बावीस वर्षं. एवढी साधी गोष्ट. हत्यारं मी स्वतः धुते, पाकिटात घालते, ऑटोक्लेव्हला लावते. ठिपकेवाल्यांची, बिनठिपक्यांची, सगळ्यांची एकाच पेटीत, एकाच वाफेवर. तरी हा प्रश्न मला कधी पडला नाही. सातवी शिकलेल्या बाईने बाकावर लसूण सोलता सोलता सोडवला. मला त्यांचा राग आला, आणि रागाच्या खाली कौतुक होतं हे मला तेव्हाच कळत होतं.

सरांनी आत येताना ऐकलं होतं. मफलर सोडत म्हणाले, "शैलाताई, पुढच्या मंगळवारी अकरा लिहा यांचे. एकदा बघू."

ठिपका दिलाच मी. सवय.

मंगळवार, २७ जाने.

अकराला आल्या. नऊची गाडी, मग नाशिकरोडहून बस. तीन दात काढले. एकदाही हूं नाही. सर म्हणाले, "दुखतंय का?" तर हात हलवून नाही. बाहेर आल्यावर मला कापूस दाबल्या तोंडाने काहीतरी सांगत होत्या. दोनदा विचारल्यावर कळलं: रात्री ड्रायव्हरांना पिठलं-भात करायचाय, आमटीची भानगड नको, म्हणजे मीठ चुकायला जागा कमी.

दीडच्या गाडीने परत. बाराला खुर्चीत पुढचा पेशंट बसला. काहीही झालं नाही. मी घड्याळाकडे बघत होते, जणू काही होणारच होतं.

मंगळवार, ३ फेब्रु.

उरलेले तीन काढले. आता वर समोर खिंड.

रक्त थांबेपर्यंत माझ्या टेबलापाशी बसल्या होत्या. त्यांना गोळ्या मिळतात त्या केंद्रावर एक शिकाऊ डॉक्टरीण येऊन सगळ्यांना तोंडाच्या त्रासाबद्दल प्रश्न विचारून गेली. दातांमुळे हसायला लाज वाटते का: कधीच नाही, कधीतरी, नेहमी. यावर बाईंचं उत्तर: "हसायचं काम कवा पडतं ते आधी लिव्ह." पोरगी गोंधळली. पुढचा प्रश्न, तोंडामुळे कामात अडचण येते का. "तितं मात्र म्या नेहमी लिवाया लावलं." आणि एक, तोंडामुळे लोकांत जाणं टाळता का. त्याला काय उत्तर दिलं ते सांगितलं नाही. पदर नीट केला.

हातात वही होती, शंभर पानी. मिठाची. चव गेल्यापासून मूठ सोडून चमचा धरलाय. 'तूरडाळ दोन किलो, चमचे अमुक. मटकी अमुक.' खाली शेरे: 'काळे साहेब जास्त म्हणाले', 'सगळ्यांनी खाल्ली'. अडचण अशी की डाळ दर वेळी वेगळी, पाणी वेगळं, वहीने भागत नाही, जीभच लागते. पण हार मानली नाही बाईने. आंधळ्याने काठी धरावी तशी वही धरली आहे. माझ्या रजिस्टरची मला घमेंड होती. या वहीपुढे ती टिकेना.

शनिवार, १४ फेब्रु.

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

उषाबाई जखम दाखवायला आल्या. सुट्टी होती म्हणून शनिवारी. बाकावर चारजण. त्यात 'शनिवारचे दहावाले' काका, जे दर तीन-चार महिन्यांनी येतात, पेपर वाचत बसतात. (दवाखान्यात त्यांना हेच नाव.) मी उषाबाईंना जवळ बोलावून हळू विचारलं, "तुमच्या त्या... गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? सर विचारत होते."

त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "एच.आय.व्ही.च्या ना? हाय की. चौदा वर्सांत येक चुकवली नाय. आता रक्तात सापडत बी नाय इतका कमी हाय म्हंत्यात डॉक्टर."

मुलाला घेऊन आलेल्या एक बाई उठल्या, "नंतर येते हं," म्हणून गेल्या. मुलगा दारातून मागे वळून बघत होता.

मी कुजबुजले, "अहो, हळू तरी..."

"तुमी हळू बोलल्या म्हून तर समद्यांनी कान दिला."

खरंच होतं ते.

नंतर पाणी प्यायला आत आल्या तेव्हा डोळे ओले. "लागतं वं सिस्टर. ती बाई उठली ना, लागलं. रोज लागतं. पन म्या खाली मान घालून बसले तर तिला वाटंल बरोबर केलं." मी खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच. त्यांच्या बाटलीत पाणी भरून दिलं. तोंड सुकतं म्हणून दर पाच मिनिटांनी घोट लागतो त्यांना.

संध्याकाळी ड्रॉवर आवरला. तिळगूळ सापडला, कागदाला मुंग्या. मुंग्यांनी भेद केला नव्हता. फेकताना रडू आलं.

सोमवार, १६ फेब्रु.

शनिवारचे दहावाले आज आले, सोमवारी, नंबर न लावता. "खालची दाढ टोचतेय." सर यायचे होते. बाकावर कोणी नव्हतं. पेपर उघडला नाही.

"शैलाताई," म्हणाले, "परवाच्या त्या बाई परत कधी येणार?"

मला वाटलं तक्रार आली. म्हटलं, का हो?

"त्यांना नमस्कार सांगा." मग टेबलाकडे बघत, "मलाही आहे. बारा वर्षं झाली. तुम्हाला सांगितलं नाही."

मी हातातलं पेन ठेवलं.

"सांगणार होतो. पहिल्याच वर्षी. पण तुमचं रजिस्टर उघडं होतं. मी जन्मभर छापखान्यात, उलटं वाचायची सवय. हिरवे ठिपके दिसले, पुढे सगळ्यांचे आठ. दोन-तीन खेपांना पाहिलं, मग कळलं. माझी बायको माझ्यासोबत येते, शेजारीपाजारी इथेच येतात. आठला का जातोस, काय सांगणार? म्हणून गप्प बसलो."

बारा वर्षं ते शनिवारी दहाला, पहिल्या नंबराला, आमच्या खुर्चीत बसून गेले. दोनदा दात काढला. कुठल्या गोळ्या चालू, हे सरांना माहीत असायला हवं होतं. सर विचारायचे, "काही औषधं?" आणि ते म्हणायचे, "बीपीची." माझ्या ठिपक्यामुळे. ज्या ठिपक्याने पेशंटचा मान राहतो असं मी म्हणायचे.

उषाबाई बोलल्या होत्या ते शब्दशः खरं निघालं, फक्त या माणसाला स्वतःचं ठाऊक होतं.

"सरांना मी आज सांगतो," म्हणाले. "तुम्ही रजिस्टरात..."

"नाही," म्हटलं. "रजिस्टरात काही नाही लिहिणार."

मंगळवार, १७ फेब्रु.

सर काल दहावाल्यांशी दार लावून बोलले. आज चहा पिताना मला म्हणाले, "चूक माझी आहे शैलाताई, ठिपका तुमचा असला तरी." समोर नवं क्लिनिक झालंय, काचेचं, त्याची त्यांना धास्ती आहे, मला माहीत आहे. शनिवारी उठून गेलेल्या बाईंचं अख्खं कुटुंब आमचं होतं, आता नसेल.

कप ठेवून म्हणाले, "नंबर येतील तसे द्या. माहिती केसपेपरवर, आत, माझ्यापुरती."

हिरवं पेन नातीला दिलं. तिने झाड काढलं.

मंगळवार, २४ फेब्रु.

उषाबाई, अकराला. हिरड्या छान भरल्या. माप घेतलं. दातांचा रंग निवडताना त्यांनी पांढराशुभ्र दाखवला. मी म्हटलं, बाई, चहावाल्या तोंडाला हा शोभत नाही, लोक दात बघतील, तुम्हाला नाही. जरा पिवळसर घेतला. सर हसायला लागले. "शैलाताईंचं ऐका, माझ्यापेक्षा जास्त कवळ्या त्यांनी पाहिल्यात."

काकांचा नमस्कार सांगितला. कोणाचा ते नाही सांगितलं, एवढंच की तुमच्यामुळे एका माणसाला बारा वर्षांनी बोलता आलं. त्या पाण्याचा घोट घेऊन म्हणाल्या, "त्यांला म्हनावं, गोळी चुकवू नगा."

चव? "गोड कळतं. तिखट कळतं. मीठ येतं-जातं."

ठेकेदार पंधरा मार्चला, रविवारी, स्वतः जेवायला येणार आहे. त्या दिवशी ठरेल.

मंगळवार, ३ मार्च

कवळी बसली. आरशात पाहिलं, पदर आपोआप तोंडाकडे गेला, मग स्वतःच खाली केला. सर एरवी आरसा लगेच काढून घेतात, आज धरून उभे राहिले.

मला आयुष्यात थोड्या माणसांचं मनापासून कौतुक वाटलं. आईचं वाटायचं. या बाईचं वाटतं. हे तिला तोंडावर सांगायला जमत नाही, म्हणून इथे.

मंगळवार, १० मार्च

एका जागी टोचत होतं, सरांनी घासून दिलं. निघताना उषाबाईंनी पिशवीतून डबा काढला. आमटी. "दुपारी जेवताना खा. आन् खरं सांगा. आमच्यातली समदी चांगली हाय म्हंत्यात, मला बरं वाटावं म्हून. त्यांच्या बरं वाटण्यानं माझी नोकरी ऱ्हात नाय. म्या आज वही न बघता मीठ टाकलंय. जिभेवर."

"मीच का?" मी विचारलं.

"तुमी ते हात धुतले होते ना संक्रांतीला. तुमाला खोटं जमत नाय."

पाहिलं होतं तर. दोन महिने मनात ठेवून होत्या, आणि आज रागाने नाही, शिफारस दिल्यासारखं बोलल्या. मी तिथल्या तिथे माफी मागितली. "मंग खा की आता," म्हणाल्या आणि दीडच्या गाडीला गेल्या.

दोनला सरांनी आणि मी पोळीशी खाल्ली. फोडणी अप्रतिम, चिंच बेताची, लसूण म्हणाल तर काय सांगू. डबा पुसून खाल्ला. सर म्हणाले, "वा, छान!" मी त्यांच्याकडे पाहिलं. "मीठ?" म्हटलं. सरांनी परत बोट चाटलं. "हो. कमी आहे."

कमीच आहे. थोडंसं, पण आहे.

बुधवार, ११ मार्च

काल फोन केला नाही. आजही दोनदा फोन हातात घेऊन ठेवला. चांगली झालीय म्हटलं तर बिचारीला चार दिवस बरे जातील. आणि रविवारी ठेकेदार ताट सरकवेल. उद्या करणार.

गुरुवार, १२ मार्च

चारला केला. मागे कुकरच्या शिट्ट्या, भांड्यांचा आवाज, कोणीतरी चहा मागत होतं.

"उषाबाई, शैला बोलतेय. आमटी फार सुंदर होती. मीठ कमी होतं."

पलीकडे त्यांनी कोणाला तरी गॅस बारीक करायला सांगितलं.

"किती?" म्हणाल्या.

"त्या डब्याला म्हणाल तर दोन चिमटी."

"म्हंजी दोन किलो डाळीला तीन चमचे," हिशेब करून म्हणाल्या. "ठीक. रविवारच्या आधी दोनदा करून बघते. आजची बी घेऊन येऊ का उद्या, सकाळच्या गाडीनं?"

"आणा. अकराला या."

रजिस्टरात उद्याचं पान काढून नाव लिहिलं, निळ्या शाईने, इतरांसारखं. कामाच्या रकान्यात काय लिहावं कळेना, 'आमटी' लिहिलं. सरांना कळेल.

डबा धुऊन ठेवलाय. रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून येताना शेंगदाणे आणले, भाजून भरले. खारे होते दुकानात, पण साधेच घेतले. मीठ त्यांचं त्या लावतील.